एका ग्रॅमची साक्ष

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हसनाबादच्या शिवारात कापसाची शेवटची वेचणी आटोपली, बोंडे रिती झाली, आणि पाने गळून उरलेल्या काटक्या वाऱ्यावर वाजू लागल्या की, ह्या उभ्या पऱ्हाटीचे आता करावयाचे काय हा प्रश्न दरवर्षी पडतो. आणि पिढ्यान् पिढ्या त्याचे उत्तर एकच ठरलेले होते, की ती उपटावी, मोळ्या बांधून परसात रचावी, आणि पुढच्या पावसापर्यंत चुलीला पुरवावी. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता, पुढे १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला, अंमलदार बदलले आणि दप्तरांची भाषाही बदलली. चुलीतली पऱ्हाटी तेवढी होती तीच राहिली.

ती बदलली अलीकडे. घरोघर गॅसची टाकी आली आणि मोळीची गरज उणावली. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कापसाची जी दैना केली तिच्यानंतर, फरदड, म्हणजे हंगाम सरल्यावर त्याच झाडांवर राखलेले पुढचे पीक, घेऊ नका आणि पऱ्हाटी रानात उभी ठेवू नका, असा कृषिखात्याचा तगादा वाढला. आणि मग जी पऱ्हाटी चुलीला नको होती आणि रानात ठेवता येत नव्हती, तिला बांधावर काडी लावण्याचा सोपा मार्ग पुष्कळांनी पत्करला. नेमक्या ह्याच सुमारास तिला गिऱ्हाईक मिळू लागले. शेतातला काडीकचरा भरडून, दाबून, त्याच्या गोल विटा करण्याचे कारखाने महाराष्ट्रात ठिकठिकाणी निघाले, बाजारात त्या विटांना ‘पांढरा कोळसा’ हे नाव पडले, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने औष्णिक वीजकेंद्रांना कोळशासोबत ५ टक्के जैवइंधन जाळण्याचे जे धोरण घालून दिले, त्यामुळे काल बांधावर जळणारी वस्तू सरकारी कागदपत्रांत इंधन म्हणून नोंदली गेली.

येथे व्यवहारात एक गोम आहे. शेतकरी पऱ्हाटी विकतो ती वजनावर. घेणाऱ्याला मात्र वजन नको असते, उष्णता हवी असते. वाळून कोरड्या झालेल्या पऱ्हाटीच्या एका किलोतून साधारण ४,००० किलोकॅलरींच्या आसपास उष्णता निघते. तीच पऱ्हाटी ओली असताना तोलली आणि तिच्यात तीस टक्के पाणी असले, तर त्या किलोत पऱ्हाटी सातशे ग्रॅमच, आणि उष्णता २,८०० वर येते. एवढ्यानेही भागत नाही. भट्टीत त्या तीनशे ग्रॅम पाण्याची आणि लाकडातल्या हायड्रोजनपासून जळताना तयार होणाऱ्या पाण्याची वाफ व्हावी लागते, दर किलो पाण्यामागे सुमारे ५८० किलोकॅलरी खाऊन ती वाफ धुराड्यातून निघून जाते, आणि बॉयलरच्या पदरी २,४०० च्या आगेमागे काहीतरी पडते. काट्यावर किलो तोच आणि भावही तोच. उष्णतेत मात्र तिसऱ्या हिश्शाच्या आसपास फरक. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, हाताला थोडासा कळतो, आणि कज्जा निघाला तर त्याचा निवाडा ज्या एका यंत्रापुढे होतो ते म्हणजे प्रयोगशाळेतील बॉम्ब कॅलरीमापी.

हे यंत्र वीजकेंद्रांच्या, सिमेंट कारखान्यांच्या, कोळसा कंपन्यांच्या आणि इंधन तपासणाऱ्या खासगी प्रयोगशाळांतून असते. परळी, कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर येथील केंद्रांत त्याच्यावाचून एक दिवस चालत नाही. नावातला बॉम्ब तेवढा भयंकर. प्रत्यक्षात तो जाड पोलादी भिंतींचा, पाणी प्यायच्या तांब्याहून लहान असा एक डबा असतो, ज्याच्या पोटात जेमतेम तिसरा हिस्सा लिटर जागा आहे. त्यात एका चिमुकल्या मुशीत एक ग्रॅम इंधन ठेवावयाचे, त्याला टेकेल अशी बारीक तार दोन टोकांना बांधावयाची, तळाशी एक मिलिलिटर पाणी घालावयाचे, झाकण आवळून आत सुमारे ३० वातावरणांच्या दाबाने प्राणवायू भरावयाचा, तो डबा दोन लिटर पाण्याच्या बादलीत बुडवावयाचा, पाणी ढवळीत ठेवावयाचे, आणि तारेतून वीज सोडून आतले इंधन क्षणार्धात पेटवून द्यावयाचे. बाहेर काही ऐकू येत नाही. बादलीतले पाणी मात्र हळूहळू तापते, आणि किती तापले हे मोजले की त्या एका ग्रॅमात किती उष्णता होती ते कळते.

ह्या कल्पनेचे मूळ पॅरिसमध्ये १७८२-८३ च्या हिवाळ्यात आहे. लाव्हाझिए आणि लाप्लास ह्या दोघांनी बर्फाने वेढलेल्या पात्रात एक गिनीपिग ठेवला, त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळले ते पाणी तोलून पाहिले, आणि प्राण्याचे श्वसन हे एक मंद ज्वलनच आहे ह्या निष्कर्षाचा पाया घातला. पदार्थाच्या प्रत्येक कणाचा जमाखर्च जुळला पाहिजे असा आग्रह धरणारा हा लाव्हाझिए राजाच्या करवसुलीच्या इजाऱ्यात भागीदार होता, आणि त्या इजारदारीपायीच १७९४ च्या मे महिन्यात क्रांतिकारकांनी त्याचा शिरच्छेद केला. इजारा काय चीज असते हे निजामी राज्यात हयात घालविलेल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ज्यांनी ऐकले आहे, त्यांना ह्या योगायोगाचे फारसे आश्चर्य वाटू नये. आपल्या प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट अशी, की ह्या पहिल्याच कॅलरीमापीत पहिलाच दोषही होता. इंग्लंडातील चिनीमातीच्या भांड्यांचा विख्यात कारखानदार जोसाया वेजवुड ह्याने ते यंत्र स्वतः वापरून पाहिले, आणि १७८४ मध्ये तक्रार नोंदविली की वितळलेले सगळे पाणी खाली उतरत नाही, काही बर्फाच्या खड्यांत अडकून राहते आणि काही पुन्हा गोठते. यंत्र बंद पडले नव्हते, पाणी ठिबकत होते, आकडाही येत होता. केवळ तो खरा नव्हता.

कॅलरीमापीच्या दुरुस्तीची आणि निगेची सारी विद्या मला ह्या एका तक्रारीत साठलेली दिसते. पुढे १८८१ मध्ये बर्तलो ह्याने दाबाखालच्या प्राणवायूत ज्वलन घडविणारा पोलादी बॉम्ब केला, त्याला आतून प्लॅटिनमचे महागडे अस्तर होते. १८९२ च्या सुमारास माहलेर ह्याने त्या जागी मिन्याचा लेप दिला आणि यंत्र कारखानदारांच्या आवाक्यात आणले. अमेरिकेत पार ह्या प्राध्यापकाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आम्लाला दाद न देणारा मिश्रधातू सिद्ध केला. यंत्र बळकट होत गेले, उघड बिघाड कमी होत गेले, आणि जे उरले ते छुपे, हळू बोलणारे बिघाड. तार पेटलीच नाही, झाकणातून बुडबुडे येऊ लागले, ढवळणी अडकली, असे ढोबळ दोष स्वतःच आरडाओरडा करतात आणि काम थांबवितात, म्हणून त्यांच्यापासून नुकसान फारसे नाही. नुकसान त्या दोषाचे, जो काम थांबवीत नाही, आकडा देतो, तो आकडा सुसंगत दिसतो, नोंदवहीत उतरतो, आणि त्याच्यावर हुंडी वटते.

ती हुंडी केवढी असते ते पाहिले म्हणजे ह्या काळजीचे प्रयोजन ध्यानात येईल. पूर्वी आपल्याकडे वीजकेंद्रांच्या कोळशाची प्रत ठरे ती राख आणि ओलावा मोजून: ८,९०० ह्या आकड्यातून त्या दोहोंच्या टक्केवारीच्या बेरजेची १३८ पट वजा करीत आणि राहील ती ‘उपयुक्त उष्णता’ मानीत. १ जानेवारी २०१२ पासून ती पद्धत सोडून प्रत्यक्ष मोजलेल्या एकूण कॅलरीमूल्यावर प्रतवारी सुरू झाली, आणि जमाबंदीच्या वेळी जमिनीच्या जशा प्रती लावीत तशा कोळशाच्या सतरा प्रती लागल्या: किलोमागे ७,००० किलोकॅलरींहून अधिक ती पहिली, आणि तेथून तीनशे-तीनशेच्या पायऱ्या उतरत २,२०० ते २,५०० ची सतरावी. ४,३०० ही दहावी आणि अकरावी ह्यांमधली शीव आहे. आता समजा, एका मालगाडीच्या कोळशाचा आकडा ४,३१० येतो की ४,२९० येतो, एवढाच प्रश्न आहे. बॉम्ब, बादली आणि पाणी मिळून एक अंश तापावयास सुमारे २,४०० कॅलरी लागतात असे धरले, तर त्या एका ग्रॅम कोळशाने पाणी सुमारे १.८ अंश तापेल, आणि वरच्या दोन आकड्यांमधला फरक एका अंशाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी भरेल. मालगाडीत माल असतो सुमारे ४,००० टन, म्हणजे चार अब्ज ग्रॅम. त्यांच्या वतीने साक्ष देतो तो एक ग्रॅम, आणि त्या साक्षीचा अर्थ बदलतो अंशाच्या शतांशावर.

ह्या शतांशाला धक्का देणाऱ्या गोष्टी फार साध्या असतात. बादलीत दोन लिटर पाणी हवे, ते मापाने नव्हे, वजनाने घ्यावयाचे. त्यात दहा ग्रॅम कमी पडले, म्हणजे चहाचे दोन चमचे, तर चढलेले तापमान ०.४ टक्क्यांनी जास्त दिसते आणि आपल्या कोळशाचे मोल १८ किलोकॅलरींनी फुकटचे वाढते. बादली बाहेरून ओली असताना काट्यावर ठेवली, तर बाहेरचे थेंब आतल्या पाण्यात हिशेबाला धरले जातात. बॉम्ब बादलीत सोडताना बोटांना लागून पाणी बाहेर आले आणि बोटे टेबलावर झटकली, तर तेवढे पाणी हिशेबातून गेले. नवा लागलेला पदवीधर मुलगा गोंधळून म्हणतो, “काका, आज यंत्र बिघडलंय, आकडा वरच चाललाय,” आणि ज्याने ह्या कामात केस पांढरे केलेले असतात असा जुना सहायक मान न वळवता सांगतो, “यंत्र कशाला बिघडतंय? आधी बादली पूस, मग काट्यावर ठेव, अन् मग मला सांग.” बहुतेक वेळा तेवढ्याने भागते.

तेवढ्याने भागले नाही तर मात्र शोध पद्धतशीर करावा लागतो, आणि त्याची पहिली पायरी म्हणजे ज्याची उष्णता आधीच ठाऊक आहे असा पदार्थ जाळून पाहणे. बेंझोइक आम्ल हा तो जगन्मान्य साक्षीदार. सॉसच्या आणि सरबताच्या बाटल्यांवर परिरक्षक म्हणून ज्या सोडियम बेंझोएटचे नाव असते, त्याच्याच घरातले हे स्फटिकरूप आम्ल, पण येथे प्रमाणपत्रासह आलेले; त्याच्या एका ग्रॅमातून २६.४ किलोज्यूल, म्हणजे सुमारे ६,३१८ कॅलरी निघतात, आणि त्यात मतभेदाला जागा नाही. ह्याच आम्लाच्या ओळीने अनेक गोळ्या जाळून यंत्राचा जलतुल्यांक, म्हणजे ते एक अंश तापविण्यास किती उष्णता लागते तो आकडा, ठरविलेला असतो. आणि पुढे दररोज सकाळी एक गोळी जाळून तो आकडा जागेवर आहे की नाही ह्याची रुजुवात घ्यावयाची असते. मोंढ्यावरचा शहाणा अडत्या माल तोलण्यापूर्वी रिकामा काटा पाहून घेतो, त्यातलाच हा प्रकार. ज्या प्रयोगशाळेच्या वहीत ह्या सकाळच्या गोळीची नोंद महिनोन् महिने सलग सापडते, तिच्या बाकीच्या आकड्यांवर मी विश्वास ठेवीन. जेथे ही गोळी फक्त मान्यताप्राप्तीच्या तपासणीच्या आठवड्यात जळते, तेथील यंत्र कितीही नवे आणि परदेशी असले तरी ठेवणार नाही.

ह्या वहीचा उपयोग आणखीही आहे. एखाद्या दिवशी आकडा चुकला तर तो अपघात. पण आठ-पंधरा दिवस तो कणाकणाने एकाच दिशेला सरकत असेल, तर यंत्रात काहीतरी चालले आहे. ढवळणीचा पट्टा सैल होऊन ती मंदावली असेल, आणि बादलीत वरचे पाणी ऊन, खालचे गार अशी स्थिती होत असेल. किंवा तिचे पाते बादलीला घासून स्वतःच उष्णता निर्माण करीत असेल, जिच्यामुळे पेटविण्याआधीच्या पाच मिनिटांत तापमान अकारण चढताना दिसते. बाहेरच्या आवरणातील पाण्यात शेवाळ धरले असेल, किंवा विंधणविहिरीचे जड पाणी कुणीतरी आळसाने ओतल्यामुळे नळ्यांत पांढरा क्षार बसला असेल. जालन्याकडच्या पाण्याशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हा क्षार किती चिवट असतो हे सांगावयास नको, आणि म्हणूनच येथे ऊर्ध्वपातित पाण्यावाचून दुसरे पाणी यंत्राला दाखवू नये. तापमापकच सरकला असेल. आणि एक चूक तर अशी आहे, की ती कितीही तपासणीने यंत्रात सापडत नाही, कारण ती यंत्रात नसतेच: काम लवकर उरकावे म्हणून प्रयोगशाळा दोन बॉम्ब पाळीपाळीने वापरते, दोहोंचे जलतुल्यांक वेगळे असतात, आणि गर्दीच्या दिवशी पहिल्या बॉम्बचा आकडा दुसऱ्याच्या खात्यावर घातला जातो. दोन्ही डब्यांवर ठळक खूण करणे ह्यापलीकडे ह्याला औषध नाही. झाकण, मूस किंवा डब्याचा कोणताही भाग बदलला की जलतुल्यांक पुन्हा काढलाच पाहिजे, हा नियम सर्वांस पाठ असतो. तो पाळण्याची सवड मात्र कोळशाच्या तीन गाड्या यार्डात उभ्या असताना कुणापाशी नसते.

डबा उघडल्यावर आत काय दिसते हेही वाचता आले पाहिजे. मुशीत काजळी असेल तर इंधन पुरते जळले नाही, आणि ती चाचणी रद्द. आकडा मनाजोगा आला आहे म्हणून काजळीकडे काणाडोळा करणे हा गुन्हा आहे, आणि तो घडतो. काजळीचे कारण कधी प्राणवायूचा अपुरा दाब, कधी अतिशय झटक्याने भरलेला वायू, ज्याच्या झोताने मुशीतली भुकटी उडून भिंतीला चिकटते आणि आगीपासून दूर राहते. म्हणून झडप हळू उघडावी आणि भुकटीची गोळी दाबून घ्यावी. जळून उरलेल्या तारेचे तुकडे वेचून मोजावे लागतात, कारण निकेल-क्रोमियमची दहा सेंटीमीटर तार पुरती जळली तर तिची स्वतःची २३ कॅलरी होते. म्हणजे जिच्यावर प्रत फिरते त्या फरकाहून एकटी तारच मोठी. मग डब्याच्या आतल्या भिंती धुऊन ते पाणी सोड्याच्या द्रावाने अनुमापित करावयाचे, कारण इतक्या दाबाखाली हवेतला नायट्रोजन आणि कोळशातला गंधक ह्यांची आम्ले बनतात आणि त्यांची उष्णता कोळशाच्या नावे जमा होते. एक ग्रॅम नमुन्यात एक टक्का गंधक असेल तर तेरा-चौदा कॅलरी वजा टाकाव्या लागतात. ही धुलाई कंटाळवाणी असते आणि घाईच्या वेळी पहिली कात्री तिलाच लागते.

जुन्या पिढीने हे सगळे बेकमनच्या तापमापकावर केले. तो पाऱ्याचा भलामोठा फुगा असलेला, एकूण पाच-सहा अंशांचीच पट्टी असलेला, अंशाचे शंभर भाग दाखविणारा आणि भिंगातून पाहिले तर हजारावा भागही अंदाजाने देणारा नाजूक तापमापक वाचण्यापूर्वी रबर लावलेल्या काडीने त्याला हलकी टिचकी मारावी लागे, नाहीतर बारीक नळीत पारा अडून बसे. दर मिनिटाचा आकडा कागदावर मांडून आलेख काढीत. पेटविण्यापूर्वीची रेघ, मधली चढण, नंतरची उतरती रेघ, आणि त्यांवरून बाहेर निसटलेल्या उष्णतेची दुरुस्ती. आता हे सारे यंत्राच्या पोटातला संगणक करतो आणि शेवटी एका चिठ्ठीवर आकडा छापून देतो. ही सोय नाकारण्याचे कारण नाही, आणि नव्या तापमापकाची सूक्ष्मता जुन्या पाऱ्याला स्वप्नातही साधली नसती. पण ज्याने स्वतःच्या हाताने ती रेघ काढली त्याला ती कोठे वाकडी गेली हे दिसत असे, आणि चिठ्ठी वाचणाऱ्याला ते दिसत नाही, असे माझे मत आहे. बहुतेक यंत्रांत तो आलेख पाहण्याची तजवीज असते. दिवसातून एकदा तरी तो पाहावा.

मराठवाड्यात ह्या सर्वांवर उन्हाळ्याची एक मोहोर असते. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो, गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी हात घालवत नाही इतके तापते, आणि ज्या खोलीचे तापमान अंशभरही हलू नये असे पुस्तक सांगते तिच्यात वीज गेली की वातानुकूलन बंद, आणि आली की गार वाऱ्याचा झोत थेट यंत्रावर. म्हणून यंत्राची जागा ठरविताना खिडकीचे ऊन आणि वाऱ्याचा झोत हे दोन्ही टाळावे लागतात, बादलीचे पाणी आदल्या दिवशीपासून त्याच खोलीत मुरू द्यावे लागते, आणि वीज परतल्यावर तासभर हात आवरून बसावे लागते. हा तास कुणाच्याही कामाच्या तक्त्यात नसतो.

सुरक्षिततेचे प्रकरण मात्र सबुरीने ऐकून घ्यावयाचे नाही, ते पहिल्याच दिवशी हाडीमाशी खिळले पाहिजे. सिलिंडरमध्ये प्राणवायू सुमारे १५० वातावरणांच्या दाबाखाली असतो, आणि अशा प्राणवायूपुढे तेल किंवा वंगण हे स्फोटक ठरते. सकाळी डोक्याला खोबरेल चोपडून आलेल्या आणि तेच हात पुसून रेग्युलेटर आवळावयास धावणाऱ्या मुलाला दारातूनच परत पाठवावे, साबणाने हात धुऊन मग ये म्हणावे. फिरकी घट्ट बसते म्हणून तिला तेल देण्याची सुतारकामातली चांगली सवय येथे प्राणघातक आहे. सिलिंडर भिंतीला साखळीने जखडलेला असावा. बॉम्बमध्ये ठरल्याहून जास्त वायू भरला गेला तर ‘चालून जाईल’ म्हणून पेटवू नये. तो हळू सोडून द्यावा, उघडावे, आणि सगळे पहिल्यापासून मांडावे. नमुना १.१ ग्रॅमच्या वर कधीही घेऊ नये. पाण्यात सोडल्यावर बॉम्बमधून एक जरी बुडबुडा सातत्याने येत असेल तर कळ दाबू नये, कारण गळतीच्या वाटेने निघणारी ज्वाला धातू कापत जाते. कळ दाबताना यंत्रावर वाकू नये आणि पुढची पंधरा-वीस सेकंदे जवळ जाऊ नये. पेटले नाही असे वाटले तर विजेची जोडणी आधी तोडावी, थोडे थांबावे, आणि मगच हात घालावा. झाकणाची रबरी कडी झिजलेली दिसो वा न दिसो, मुदतीत बदलावी. आटे झिजले, भिंतीला खड्डे पडले, किंवा डबा एकदा फरशीवर आपटला, तर दाबाची परीक्षा होऊन दाखला मिळेपर्यंत तो कपाटात कुलूपबंद ठेवावा. कसलीही दारू, धातूची भुकटी, किंवा काय आहे हे ठाऊक नसलेला पदार्थ ‘बघू तरी’ म्हणून ह्या डब्यात घालणारा माणूस प्रयोगशाळेत नको.

कोळशावर घडलेल्या ह्या सवयी पऱ्हाटीला लावताना थोड्या मुरडाव्या लागतात. महाराष्ट्रात काडीकचऱ्याच्या उष्णतेचा विचार काही आजचा नाही; फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उसाच्या पाचटावर चालणारी गॅसिफायर यंत्रे उभी केली, आणि डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेला पाचटापासून कोळसा करण्याच्या पद्धतीबद्दल २००२ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. पण वीजकेंद्राच्या प्रयोगशाळेत ज्यांचा हात काळ्या भुकटीवर बसला आहे, त्यांना ही हलकी, तंतुमय, कापसासारखी उडणारी भुकटी आधी चकविते. ती गोळी होऊन टिकत नाही, दाब काढला की फुगते. सैल ठेवावी तर वायूच्या पहिल्या झुळुकीत उडते. ज्याचे कॅलरीमूल्य आधी काढून ठेवले आहे अशा पातळ कागदात ती तोलून गुंडाळावी लागते आणि कागदाची उष्णता वजा करावी लागते. तिच्या राखेत पोटॅश पुष्कळ, ती लवकर वितळून मुशीला काचेसारखी चिकटते. पिकात क्लोरीन असतो, आणि क्लोरीन ही बॉम्बच्या पोलादाला गंधकाहूनही वाईट सोबत. सारखी पऱ्हाटी आणि तत्सम माल जाळणाऱ्या प्रयोगशाळेने डब्याच्या आतल्या पृष्ठावर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडताहेत काय हे भिंगाने पाहत राहावे आणि प्रत्येक चाचणीनंतर डबा धुऊन कोरडा करावा.

आणि नमुना? मोळीच्या टोकाला बारीक फांद्या, बुडाला जाड खोड, मुळाला हसनाबादची काळी माती. माती जळत नाही, पण काट्यावर भरते. मुळासकट उपटलेली पऱ्हाटी झटकून विकली की न झटकता विकली, ह्याने उष्णतेचा आकडा जेवढा हलतो तेवढा कॅलरीमापीच्या साऱ्या दोषांनी मिळून हलत नसेल. ढिगाच्या वरच्या थरातून, सोयीच्या बाजूने, कोरडी दिसते तेथून मूठभर उचलली, तर पुढच्या प्रयोगशाळेतील सारे सोपस्कार त्या मुठीपुरतेच खरे. ढीग तसाच अपरिचित राहतो. कोळशाच्या व्यवहारात ह्याच कारणाने नमुना घेण्याचे काम विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या हातून काढून धनबादच्या केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्थेसारख्या तिऱ्हाइताकडे देण्यात आले. ह्या संस्थेचे एक केंद्र नागपुरातही आहे. पऱ्हाटीच्या व्यवहारात तिऱ्हाईत अजून गावापर्यंत पोहोचलेला नाही, आणि तोपर्यंत शेतकऱ्याच्या हाती असलेली गोष्ट एकच, ती म्हणजे माल उन्हात पुरता वाळवून, माती झटकून, आणि ओल्याच्या नि कोरड्याच्या भावातला फरक आधी बोलून घेऊन मग गाडी भरणे.

कोळशाच्या बाबतीत कज्जा निघालाच तर त्यासाठी नमुन्याचे भाग पाडतानाच एक भाग मोहोरबंद करून बाजूला ठेवलेला असतो. विकणारा म्हणतो ४,३१०, घेणारा म्हणतो ४,२५०. मग ती मोहोर फोडली जाते आणि तिसऱ्याच प्रयोगशाळेत, तिसऱ्याच माणसाच्या हाताने, २१२ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेल्या त्या भुकटीतला एक ग्रॅम तोलला जातो. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १९२८ ह्या कामी माणसाच्या आणि यंत्राच्या मर्यादा आधीच मान्य करून चालते: एकाच हाताने एकाच यंत्रावर केलेल्या दोन चाचण्यांत ग्रॅममागे १२० ज्यूल, म्हणजे सुमारे २९ कॅलरींचा फरक त्याला चालतो, आणि दोन निरनिराळ्या प्रयोगशाळांत ३०० ज्यूल, म्हणजे सुमारे ७२ कॅलरींचा. वरच्या दोघांमधले अंतर साठ आहे. मानकाच्या लेखी दोघेही खरे; देयकावर मात्र दहावी प्रत किंवा अकरावी, ह्यांपैकी एकच लिहिता येते, आणि तिसरा आकडा ज्या बाजूला पडेल त्या बाजूने चार हजार टनांचा हिशेब चुकता होतो.